सासूबाईंची रविवारची ग्रेव्ही: ऑगस्टच्या टोमॅटोपासून ऑक्टोबरच्या पंगतीपर्यंत

२०२४ च्या एप्रिलमध्ये सासूबाईंच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि मे महिन्यातच त्यांनी जाहीर करून टाकलं की यंदा टोमॅटो होणार नाहीत. आमच्या घरात 'टोमॅटो' म्हणजे ऑगस्टअखेरचा तो एक शनिवार, ज्या दिवशी गॅरेजमध्ये वर्षभराच्या रविवारांचा सॉस बरण्यांत भरला जातो. नवऱ्याचे पणजोबा इटलीतल्या आवेल्लिनोहून न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला आले, तेव्हापासून हे घरात चालत आलं आहे. सासूबाई अगदी सहज बोलल्यासारखं बोलल्या, पण त्यानंतर टेबलावर कोणी काही बोलेना. मग मीच म्हटलं, "मॉम, यंदा मी करते. तुम्ही खुर्चीत बसून सांगा."

म्हटलं खरं, पण धास्ती होती. मी सांगलीची. लग्न होऊन इथे आल्यापासून रविवारी दुपारी दोन वाजता त्यांच्याकडे जेवायला बसणं माझ्या अंगवळणी पडलं आहे. पण आयत्या पानावर बसणं वेगळं आणि तीस बरण्या भरून त्या वर्षभर टिकतील याची जबाबदारी घेणं वेगळं. सासूबाईंकडे लिहिलेली पाककृती नाही. विचारलं तर उत्तर येतं, "रंग बदलला की कळतं." म्हणून जे घडलं ते ओळीने लिहून ठेवते आहे. कोणाच्या घरात असा वारसा लग्नातून आला असेल किंवा कोणाला शेजारणीकडून शिकायचं असेल, तर निदान सुरुवात कुठून करायची हे कळेल.

थोडं आधीचं सांगायला हवं, कारण ते कळल्याशिवाय या एका भांड्यासाठी एवढा खटाटोप का, हे समजत नाही. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून जास्त इटालियन माणसं अमेरिकेत आली, त्यातली बहुतेक दक्षिणेकडच्या गरीब गावांतून. तिकडे मांस शिजायचं ते सणासुदीला. इकडे कारखान्यात आणि बांधकामावर मजुरी मिळू लागली, मांस परवडू लागलं आणि आठवड्याची एकच सुट्टी होती, रविवार. त्या दिवशी डुकराची हाडं, सॉसेज, गोळे असं सगळं एका टोमॅटोच्या रश्शात तासन् तास शिजायचं. हीच रविवारची ग्रेव्ही. आवेल्लिनोकडची पुष्कळ मंडळी न्यूअर्कच्या फर्स्ट वॉर्डमध्ये राहिली. सासूबाईंचा जन्म तिथलाच. १९५० च्या दशकात सरकारी निवासी इमारती बांधायला तो भाग पाडला गेला आणि घरं बेलव्हिल, ब्लूमफील्ड, नटली अशा गावांत पांगली. गल्ली गेली, रविवार राहिला. सासूबाईंच्या आताच्या घरात तळघरात दुसरं स्वयंपाकघर आहे, या भागातल्या अनेक इटालियन घरांत असतं तसं. वरचं पाहुण्यांनी बघायचं, खालचं खऱ्या कामाचं.

जूनमध्ये मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे टोमॅटोची चौकशी. सॉसला गराचे, कमी रसाचे, कमी बियांचे टोमॅटो लागतात. रोमा किंवा सान मार्झानो जातीचे. ते बुशेलवर विकले जातात. एक बुशेल म्हणजे साधारण ५३ पौंड, आपले २४ किलो. दक्षिण जर्सीतल्या एका शेतावर सासूबाईंचं वर्षानुवर्षांचं खातं आहे. तिथे जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोन करून तीन बुशेल रोमा सांगून ठेवले, बुशेलला ३४ डॉलर. आगाऊ सांगणं फार महत्त्वाचं. ऑगस्टच्या शेवटी अर्ध्या जर्सीला एकाच वेळी टोमॅटो हवे असतात आणि आयत्या वेळी गेलात तर सॅलडचे पाणचट टोमॅटो हातात पडतात. तारीख मात्र शेतकरी देत नाही. "पिकले की कळवतो," एवढंच. त्यामुळे ऑगस्टचे शेवटचे दोन्ही शनिवार मोकळे ठेवले.

दुसरं काम कागदपत्रांचं. घरी भरलेल्या बरण्यांतून विषबाधा होऊ शकते हे मी ऐकून होते आणि मला त्यातलं नेमकं काय ते जाणून घ्यायचं होतं. न्यू जर्सीच्या प्रत्येक काउंटीत रटगर्स विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेचं कार्यालय आहे. हेच ते विद्यापीठ, ज्याच्या नावाची टोमॅटोची जात १९३४ मध्ये बाजारात आली. फोन केला, निरोप ठेवला. चौथ्या दिवशी तिथल्या बाईंचा उलट फोन आला. त्यांनी अर्धा तास शांतपणे समजावून सांगितलं आणि अमेरिकन कृषी खात्याची माहितीपत्रकं ईमेलने पाठवली. एक पैसा लागला नाही. इथे राहणाऱ्या कोणालाही मी सांगेन की व्हिडिओ बघत बसण्याआधी हा फोन करा.

त्यातला मुख्य मुद्दा आंबटपणाचा. पीएच ४.६ च्या वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी पडला, तर बंद बरणीत बॉट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात, आणि टोमॅटो बरोबर त्या सीमेवर असतो. कधी खाली, कधी वर. म्हणून प्रत्येक क्वार्टच्या, म्हणजे जेमतेम लिटरभराच्या बरणीत अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घालायचं, किंवा बाटलीतला लिंबाचा रस दोन मोठे चमचे. ताज्या लिंबाचा नाही, कारण प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा. सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं ढोकळ्यातलं लिंबूफूल. डबा माझ्या कपाटात होताच, तरी एवढ्या बरण्यांना पुरावं म्हणून नवीन आणला, ८ डॉलर. बरणीत कांदा, लसूण, तेल, मिरची काहीही घालायचं नाही. त्यांनी आंबटपणा खाली येतो. जे घालायचं ते रविवारी भांड्यात.

इथे सासूबाईंशी पहिला खटका उडाला. त्यांच्या आईने कधी ॲसिड घातलं नाही, प्रत्येक बरणीत तुळशीचं, म्हणजे बेझिलचं एक पान घालायची आणि सगळे धडधाकट जगले. मी वाद घातला नाही. माहितीपत्रक मोठ्या अक्षरात छापून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "मॉम, या बरण्या तुमची नातवंडं खाणार आहेत. मला झोप लागायला हवी." दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन केला तो ॲसिडने चव आंबट होते का विचारायला. होते किंचित, आणि रविवारी चिमूटभर साखरेने जाते. पानाचं असं ठरलं की बेझिलच्या जुड्या मोठ्या भांड्यात सॉस आटताना घालायच्या आणि भरण्याआधी काढून टाकायच्या. मला वाटतं, वारसा सांभाळायचा तर त्यातलं काय बदलू शकतं आणि काय नाही, हे कोणीतरी एकदा बसून ठरवावं लागतंच. ते मोठ्या माणसासमोर बसून, त्यांच्या संमतीने ठरलं, याचं मला समाधान आहे.

शेतावरून निरोप आला तो गुरुवारी. शुक्रवारी संध्याकाळी नवरा गाडी घेऊन गेला आणि टोमॅटो तळघरात जुन्या चादरींवर पसरून ठेवले. खोकी एकावर एक ठेवली तर खालचे दबतात, म्हणून रात्रभर पसरायचे. त्याच रात्री बरण्या धुतल्या. काचेच्या बरण्या आणि त्यांच्या रिंगा वर्षानुवर्षं चालतात, पण सपाट झाकणं दरवर्षी नवी लागतात, कारण त्यांच्या कडेचं रबर एकदाच नीट बसतं. प्रत्येक बरणीच्या तोंडावरून बोट फिरवून कपचा उडालाय का ते पाहिलं. अशा काही बाद झाल्या, म्हणून एक डझन नव्या आणाव्या लागल्या, १८ डॉलर.

२४ ऑगस्ट, शनिवार. सकाळी साडेसहाला नणंद पेनसिल्व्हेनियाहून नवऱ्यासह आली, धाकटे दीर आणि जाऊ आले, मुलं होतीच. गॅरेजमध्ये लांब टेबल, त्यावर प्लॅस्टिक, बाहेर ड्राइव्हवेवर प्रोपेन गॅसची मोठी शेगडी. सासूबाई मधोमध खुर्चीत, हात झोळीत. आमच्याकडे सांगलीला चैत्रात गच्चीवर वाळवणं घालताना जशी आत्या, काकू, शेजारच्या बायका जमून आपापली जागा धरायच्या, तसंच इथे होतं. कोण धुणार, कोण कापणार, यंत्र कोणाकडे, हे कोणाला सांगावं लागलं नाही. माझी जागा तेवढी नवी होती, शेगडीजवळची. ती आजवर सासूबाईंची होती.

काम असं चालतं. टोमॅटो धुवायचे, देठाचा भाग आणि डागाळलेला भाग काढायचा, चार फोडी करायच्या आणि कापल्या कापल्या गरम भांड्यात टाकायच्या. हे लगेच करण्याला कारण आहे. कापलेला टोमॅटो तसाच पडून राहिला तर त्यातलं पेक्टिन मोडतं आणि मग बरणीत वर गर, खाली पाणी असे दोन थर होतात. मऊ झाले की ते यंत्रात. आमचं यंत्र इटलीहून आणलेलं आहे, विजेवर चालतं, एका तोंडातून रस आणि दुसऱ्यातून सालं-बिया बाहेर टाकतं. ती सालं पुन्हा एकदा यंत्रातून काढायची. दुसऱ्या वेळी निघणारा गर सगळ्यात दाट असतो आणि नवखा माणूस नेमका तोच फेकून देतो, असं दिरांनी मला मुद्दाम दाखवलं.

मग आटवणं. पातळ सॉस हवा तर एक तृतीयांश आटवायचा, दाट हवा तर निम्मा. आम्ही तृतीयांशावर थांबतो, कारण रविवारी तो पुन्हा तासन् तास शिजणारच असतो. भांडं स्टीलचं, जाड बुडाचं. ॲल्युमिनियमचं नको, आंबटाने चव बिघडते. हातात लांब लाकडी उलथणं आणि ते सतत बुडाला लागलेलं. दहा वाजेपर्यंत माझे दंड भरून आले होते. सासूबाईंची नजर भांड्यावरून हटत नव्हती. मध्येच म्हणायच्या, "कोपऱ्यात ढवळ." आणि खरोखर कोपऱ्यात बुडबुडे जड होऊ लागलेले असायचे. फेस आधी गुलाबी असतो, मग नारिंगी होतो, मग तो कमी होऊन खालचा लाल रंग दिसायला लागतो. हाच तो त्यांचा 'रंग बदलला की कळतं'. पुस्तकात तृतीयांश म्हणतात, मी भांड्यात आधीच एक लाकडी पट्टी बुडवून खूण करून ठेवली होती. त्या "आता" म्हणाल्या तेव्हा पट्टी धरून पाहिली. खूण बरोबर जुळली.

गरम बरणी, त्यात आधी लिंबूफूल, मग सॉस, वर अर्धा इंच जागा मोकळी, कड ओल्या फडक्याने पुसायची, झाकण, रिंग हातानेच बेताची घट्ट. मग बरण्या पाण्याच्या भांड्यात, झाकणांवर किमान एक इंच पाणी. पाण्याला पुन्हा खळखळून उकळी आली की तिथून ४० मिनिटं. हा वेळ क्वार्टच्या बरणीसाठी आणि समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आतल्या गावांसाठी आहे. उंचावर राहत असाल तर वाढतो, तक्ता बघा. एका भांड्यात सातच बरण्या मावतात, म्हणून आम्ही दोन भांडी लावली. तरी शेवटची खेप बाहेर आली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. दिवसाचा अंदाज बांधताना इथेच सगळे चुकतात. टोमॅटो कापण्याचा हिशेब करतात, उकळण्याच्या रांगेचा करत नाहीत.

बरण्या टेबलावर टॉवेल घालून ठेवल्या. निवताना झाकण आत ओढलं जातं आणि टिंग् असा आवाज येतो. पुढचे १२ ते २४ तास हात लावायचा नाही. रविवारी सकाळी एकेका झाकणावर मध्यभागी बोट दाबून पाहिलं. एक झाकण खाली-वर होत होतं. ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून त्याच आठवड्यात वापरली. बाकीच्यांच्या रिंगा काढून, पुसून, तारीख लिहून तळघराच्या फळीवर मांडल्या. तीस क्वार्ट भरले. टोमॅटोचे १०२ डॉलर, नव्या बरण्या, झाकणं, लिंबूफूल आणि प्रोपेन धरून १७० डॉलरच्या आसपास खर्च आला. दुकानात इटलीचा चांगला डबा मिळतो आणि पैशांच्या हिशेबात दोन्ही फारसे वेगळे नाहीत. पैसे वाचवायला म्हणून हे करणार असाल तर करू नका.

दरम्यान एक वेगळीच चौकशी निघाली. आमच्या गणपतीच्या मित्रमंडळात कोणीतरी सुचवलं की थोड्या बरण्या विकून देणगी जमवू. कल्पना चांगली होती, म्हणून गावच्या आरोग्य खात्यात फोन केला. न्यू जर्सीत ऑक्टोबर २०२१ पासून घरगुती खाद्यपदार्थ विकायला परवाना मिळतो, दोन वर्षांचे १०० डॉलर. पण तो ब्रेड, केक, बिस्किटं, जॅम अशा बाहेर टिकणाऱ्या पदार्थांसाठी आहे. बरणीतला टोमॅटो सॉस त्यात बसत नाही. त्यासाठी परवान्याचं व्यावसायिक स्वयंपाकघर आणि वेगळ्या तपासण्या लागतात. विषय तिथेच मिटला. कोणाच्या मनात असं असेल तर बरण्या भरण्याआधी विचारा.

आता आमच्याच घरात असू शकेल अशी अडचण. टोमॅटो भरले, पण ग्रेव्ही कधी करायची? श्रावण ५ ऑगस्टला लागला होता. मी श्रावणात मांसाहार करत नाही आणि शिजवतही नाही. ७ सप्टेंबरला गणपती आले. मग पितृपक्ष, मग नवरात्र. १२ ऑक्टोबरला दसरा झाला. सासूबाईंना कॅलेंडर उघडून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "आम्ही लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासात, चाळीस दिवस थांबतो. सॉस कुठे पळून जातोय?" त्या काळात रविवारी त्यांनी साधा मारिनारा सॉस करवून घेतला माझ्याकडून, नुसता लसूण, तेल आणि बेझिलचा, वीस मिनिटांत होणारा. तोही शिकून झाला. २० ऑक्टोबरचा रविवार नक्की केला. १६ तारखेला संत जेरार्ड यांचा दिवस असतो. आवेल्लिनोकडच्या लोकांचं हे फार मोठं श्रद्धास्थान आणि न्यूअर्कच्या सेंट लूसीज चर्चमध्ये त्यांचा उत्सव होतो. सासूबाई तिथे जाऊन आल्या होत्या. योगायोगाने त्याच दिवशी आमची कोजागिरी होती.

शनिवारी खाटकाकडे गेले. डुकराच्या मानेची हाडं, बडीशेप घातलेलं सॉसेज, ब्रशोलसाठी, म्हणजे मांसाच्या भरल्या गुंडाळ्यांसाठी, डुकराच्या खांद्याचे पातळ काप. एकूण ७२ डॉलर. मी गोमांस खात नाही, म्हणून आमच्या घरचे मीटबॉल लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून डुकराचा आणि टर्कीचा खिमा मिसळून होतात. सासूबाईंनी तेव्हा एका शब्दानेही विचारलं नव्हतं, नुसता बदल केला होता. ब्रशोल मी शनिवारी रात्रीच बांधून ठेवले. काप ठोकून पातळ करायचा, त्यावर बारीक लसूण, पार्स्ली, किसलेलं पेकोरिनो चीज, बेदाणे आणि पाइन नट्स. गुंडाळी घट्ट वळून दोऱ्याने आधी दोन्ही टोकांना, मग मध्ये बांधायची. प्रत्येक गुंडाळीला दोऱ्याचं शेपूट थोडं लांब ठेवायचं, म्हणजे वाढण्याआधी ते ओढून दोरा काढता येतो.

रविवारी सात वाजता तळघरात भांडं चढवलं. ऑलिव्ह तेलात हाडं, सॉसेज, ब्रशोल वेगवेगळे परतून बाजूला काढले. मांस नीट तपकिरी होण्याआधी उचलण्याचा मोह होतो. चिकटलेलं मांस ओढायचं नाही, त्याची कड झाली की ते आपणहून सुटतं. त्याच तेलात लसूण, आमच्याकडे कांदा नसतो. मग टोमॅटो पेस्ट, ती विटकरी रंगाची होईपर्यंत परतायची. मग फळीवरून चार बरण्या. प्रत्येक रिकाम्या बरणीत थोडं पाणी घालून, झाकून, हलवून ते पाणीही भांड्यात. मांस परत आत. झाकण तिरकं ठेवून कडेला लाकडी चमचा अडकवला, म्हणजे वाफ जाते आणि रस बाहेर उडत नाही. आच इतकी मंद, की एखादाच बुडबुडा वर यावा.

सासूबाई चर्चला दहाच्या मासला, म्हणजे प्रार्थनेला, गेल्या. त्या दोन तासांत मी मीटबॉल केले. शिळा ब्रेड दुधात भिजवून पिळलेला, अंडी, पेकोरिनो, पार्स्ली. हलक्या हाताने कालवायचं, मळायचं नाही, नाहीतर गोळे दडदडीत होतात. तेलात तळले. चर्चमधून आल्यावर पहिल्यांदा तळलेला एक मीटबॉल नुसता खायचा, ही घरातली मुलांची रीत. नातवंडं कोट न काढता खाली धावत आली. बाकीचे शेवटच्या तासाला ग्रेव्हीत सोडले. सासूबाई आल्या, ब्रेडचा तुकडा मोडून भांड्यात बुडवला, खाल्ला, आणि मिठाचा डबा माझ्याकडे सरकवला. मी मीठ घातलं. त्यांनी दुसरा तुकडा बुडवला आणि मग वर जाऊन टेबल मांडायला लागल्या. मी तेव्हा जरा वेळ तिथेच स्टुलावर बसले. मे महिन्यापासूनची धास्ती उतरायला तेवढा वेळ लागला.

दोन वाजता रिगातोनी पास्ता, नुसत्या ग्रेव्हीत, वर चमचाभर रिकोटा चीज. मांस त्यात कालवायचं नाही, वेगळ्या थाळ्यात दुसऱ्या वाढपाला येतं. मग सॅलड, तेही शेवटी. मग बडीशेपेच्या रोपाचा कच्चा गड्डा, अक्रोड, कॉफी. उठायला पाच वाजले. ग्रेव्ही उरतेच, उरायलाच हवी. मांस काढून डब्यांत भरून फ्रीझ केली तर तीन-चार महिने चांगली राहते आणि बुधवारच्या रात्री फार उपयोगी पडते.

सासूबाईंचा खांदा आता बरा आहे, पण उलथणं त्यांनी परत मागितलेलं नाही. यंदा चार बुशेल सांग, म्हणाल्या, नणंदेला जास्त बरण्या हव्यात. म्हणजे पाण्याचं तिसरं भांडं लागेल आणि दुसरी शेगडी. शेतावर फोन जुलैच्या पहिल्या आठवड्यातच करायचा आहे.